अक्कांच्या हातातला वस्तरा

अक्का हातात वस्तरा घेतल्याशिवाय नवऱ्याशी भांडत नसत. भांडायला कारणं त्यांना दिवसभर मिळायची, पण ती सगळी त्या साठवून ठेवत आणि सकाळी, राजाजीनगरातल्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात, अण्णांच्या गालांना फेस लावून झाला की एकेक बाहेर काढत. अण्णा वेताच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलेले असत. मानेखाली उशी, छातीवर पंचा. अक्का डाव्या अंगठ्याने त्यांच्या गालाची कातडी ताणत, उजव्या हातातला वस्तरा कानापासून हनुवटीकडे आणत आणि भाजी निवडता निवडता बोलावं तसं बोलत.

"तुमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मला सामानाच्या टेम्पोतून नेलं होतं. मांडीवर पातेली घेऊन बसले होते मी." वस्तरा गळ्यापाशी आला की आवाजही खाली यायचा. "आणि तुम्ही पुढच्या गाडीत. पांढरा शर्ट घालून."

गळ्यावर वस्तरा असताना कोणीच उत्तर देणार नाही, पण अण्णांची अडचण वेगळी होती. मी त्या घरात भाडेकरू म्हणून जाण्याआधीच त्यांना लकवा झाला होता. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. सगळ्या बोलण्यातून एकच शब्द मागे राहिला, 'स्वल्प'. कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे थोडंसं. बंगळुरात आलेल्या कोणाच्याही तोंडात हा शब्द महिन्याभरात बसतो. रिक्षावाल्याला स्वल्प पुढे घ्यायला सांगायचं, दुकानदाराला स्वल्प थांबायला. अण्णांना मात्र सगळा संसार त्या एका शब्दात चालवावा लागे. पाणी हवं तरी स्वल्प, नको तरी स्वल्प, पेपर उशिरा आला तर खर्जातला स्वल्प. अक्कांना त्यातला प्रत्येक वेगळा ऐकू यायचा. त्या टेम्पोबद्दल सुनावत असताना अण्णा ओठ न हलवता नाकातल्या नाकात "स्वल्प" म्हणाले, तर अक्का वस्तरा उचलून थांबल्या.

"खोटं! गादी नव्हतीच त्यात. ताडपत्री होती."

मी नागपूरचा. इथल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि खोली शोधत फिरत होतो. आदल्या दिवशी फोनवर एका बाईंशी मराठीतून बोलणं झालं होतं, 'सकाळी ये, बघून जा' म्हणाल्या होत्या. मी गेट उघडलं तर समोर हे दृश्य. उंच, हाडापेराने दणकट बाई, अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि हातातला उघडा वस्तरा एका म्हाताऱ्या माणसाच्या नरड्याला लावलेला. मी गेट आवाज न करता पुन्हा लावलं आणि वळलो. तेवढ्यात शिट्टी वाजली. खरीखुरी शिट्टी, शाळेच्या मैदानावर वाजते तशी.

"कुठं चाललास? खोली वर आहे."

मग दाढी चालू असतानाच माझी मुलाखत झाली. नाव काय, गाव कुठलं, उशिरा येतोस का, नळ नीट बंद करतोस का. शेवटी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"दाढी का ठेवलीस? कातडीला काही झालंय?"

"नाही अक्का, स्टाइल आहे."

"अस्सं. सरी," त्या म्हणाल्या. सरी म्हणजे ठीक आहे. पण असा 'सरी' मी नंतर बंगळुरात कोणाकडूनही ऐकला नाही. त्यात माझ्या पिढीबद्दलचं सगळं मत होतं.

अक्का निपाणीकडच्या. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर पी. टी. शिकवली आणि थ्रोबॉलचे संघ तयार केले. घरात मराठी, बाहेर कन्नड. ओरडायचं असेल तर कन्नडमधून ओरडत आणि खरोखरच रागावल्या असतील तर मराठीत बोलत, तेही हळू आवाजात. निवृत्त झाल्या तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती. पाण्याचा टँकर आला की एक शिट्टी, माझं पार्सल आलं की दोन. संध्याकाळी त्या गच्चीवर उलट्या चालत. पुढे चालून गुडघे झिजतात आणि मागे चालून भरून येतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. कपडे वाळत घालायला मी वर गेलो की त्या पाठमोऱ्या माझ्या अंगावर चालत येत आणि "बाजूला हो" असं मागे न बघता म्हणत. पोक काढून बसलेला माणूस दिसला की त्यांना राहवत नसे. बसथांब्यावरच्या परक्या माणसालाही त्यांनी दोन खांद्यांना धरून सरळ केलेलं मी पाहिलं आहे. तो माणूस "थँक्यू मॅडम" म्हणाला होता.

अण्णा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. भिंतीवरच्या फोटोत ते सहकाऱ्यांच्या मधोमध उभे आहेत. बाकीचे सगळे घामेजलेले, आणि यांचे गाल असे की फोटोवाल्याचा दिवा त्यांत चमकलाय. वस्तरा त्यांच्या वडिलांचा, जर्मन बनावटीचा. मुठीवरचं हस्तिदंती रंगाचं कवच पिवळं पडलेलं आणि पात्यावरचं तिथल्या गावाचं नाव घासून घासून अर्धं गेलेलं. आजारी पडेपर्यंत अण्णांनी त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. अक्कांचासुद्धा नाही. "मला तो पुसायलाही देत नसत," अक्का एकदा अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलताना म्हणाल्या. "म्हणायचे, तुझा हात बॉल फेकायचा आहे."

दवाखान्यातून घरी आल्यावर कोपऱ्यावरचा न्हावी बोलावला, तर अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलीने प्लास्टिकचं रेझर आणलं, ते त्यांनी डाव्या हाताने खिडकीबाहेर टाकलं. दाढी वाढत गेली. अक्कांना त्या दाढीची भीती वाटायला लागली.

"पांढरी, विस्कटलेली. मला सकाळी उठलं की वाटायचं, हा कोण म्हातारा माझ्या घरात झोपलाय? चेहरा वाकडा झाला होता, ते चाललं असतं. पण त्या दाढीत माझा नवराच सापडेना."

म्हणून त्यांनी कपाटातून वस्तरा काढला. शिकवणारा एकच माणूस होता आणि त्याला एकच शब्द येत होता.

सुरुवात पट्ट्यापासून झाली. वस्तऱ्याला दगडावर धार लावायची वेळ क्वचित येते, पण चामड्याच्या पट्ट्यावर तो रोज घासावा लागतो, नाहीतर धारेचे नजरेला न दिसणारे दाते वाकडेच राहतात आणि कातडी सोलवटते. पट्ट्याचं एक टोक खिडकीच्या गजाला अडकवलेलं, दुसऱ्या टोकाची कडी डाव्या हातात ओढून धरायची. वस्तरा पाठीच्या बाजूने पुढे न्यायचा, धार मागून. टोकाला आला की पाठीवरच कूस बदलायची आणि परत यायचं. धार चुकूनही पुढे झाली की पट्टाच कापला जातो. अक्कांनी पहिला पट्टा असा दोन दिवसांत चिरला. जास्त दाबलं की अण्णा खुर्चीतून ओरडत, "स्वल्प!" पाठ पट्ट्यावरून उचलली गेली की "स्वल्प, स्वल्प!" एखादा फेरा बरोबर पडला की डोळे मिटून, लांबवलेला, गोड "स्वल्प."

"शाळेत मी इतकी वर्षं पोरींवर ओरडले," अक्का म्हणाल्या, "पण एका शब्दात शिकवता येतं हे मला माहीतच नव्हतं."

मग टोमॅटो. पिकलेल्या टोमॅटोला फेस लावायचा आणि साल न कापता तो उतरवायचा. ज्या दिवशी टोमॅटो कापले जायचे त्या दिवशी घरात सार. त्या महिन्यात आपण दर रविवारी इतकं सार प्यालो की वास नको झाला, असं त्यांची मुलगी सांगायची. ती बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती, तिकडेच राहायची आणि रविवारी जेवायला यायची. एका रविवारी सार नव्हतं, म्हणून तिने व्हरांड्यात डोकावून पाहिलं. खुर्चीत तिचे वडील बसले होते, फोटोतले, थोडे वाकडे झालेले.

मी गेलो तोवर अक्कांचा हात असा बसला होता की रोज पाहूनही माझी नजर हटत नसे. पट्ट्यावर वस्तरा जाता-येताना आवाज यायचा, कोणी कोरा कागद हळूच दुमडावा तसा. पदर खोचलेला, पाय खांद्याएवढे फाकलेले, मनगट तेवढं हलतंय. मग गरम पाण्याचा टॉवेल, फेस, आणि मग ते पातं. पहिल्यांदा केसांच्या दिशेने, पुन्हा फेस लावून उलट दिशेने. गळ्याला केस भोवऱ्यासारखे उगवतात, तिथे त्या वस्तरा वळवत नेत. शेवटी तुरटी. वस्तरा कोरडा पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवूनच मिटायचा. मी घरी आईला व्हिडिओ कॉलवर हे एकदा लांबून दाखवलं. आईने देवाला नमस्कार करते तसे हात जोडले.

त्या हाताखाली मीही एकदा बसलो. माझा साखरपुडा ठरला होता, नागपूरला निघायचं होतं, आणि अक्कांनी शिट्टी वाजवून मला खाली बोलावलं. खुर्ची रिकामी होती. अण्णा बाजूच्या स्टुलावर, परीक्षक म्हणून.

"मुलीच्या बापाला तुझी हनुवटी बघू दे. पुढं ठेव पाहिजे तर झाडी."

गळ्याशी गार पातं टेकलं तेव्हा मला कळलं की माणूस दिवसभर किती वेळा आवंढा गिळतो. मी श्वाससुद्धा वरच्या वर घेत होतो. अक्का म्हणाल्या, "माझ्या हातात काय आहे ते विसर. माझी करंगळी कुठं टेकलीय ते बघ." करंगळी माझ्या जबड्यावर होती. "हात तुझ्या तोंडावर ठेवलाय मी. तू हललास तर माझा हात तुझ्याबरोबर हलतो. शिंक आली तरी घाबरू नको." पुढच्या क्षणी मी खरंच घाबरायचा थांबलो. मांजराचं पिल्लू आईच्या तोंडात लोंबकळतं तसा पडून राहिलो. उठल्यावर गालावरून हात फिरवला तर तो माझा गाल नव्हताच, कोणाचा तरी पंधरा वर्षांपूर्वीचा होता. अण्णांनी वाकून डाव्या हाताने तपासलं आणि मान डोलावली.

अण्णा पुढे खूप वर्षांनी गेले, झोपेत, काही त्रास न होता. त्याबद्दल मला सांगायचं नाही. मला सांगायचं आहे ते त्याच्या बरंच आधीच्या एका शनिवारपासून सोमवारपर्यंतचं.

कारखान्यातल्या जुन्या मित्रांपैकी एकाने देवनहळ्ळीच्या पुढे, नव्या लेआउटमध्ये घर बांधलं होतं. वास्तूचं जेवण होतं आणि सगळ्या जुन्या टूलरूमला बोलावणं होतं. अण्णा दोन दिवस आधीपासून उजळले होते. शनिवारी अक्कांनी त्यांची दाढी इतकी मन लावून केली की भांडायचंही विसरल्या. मी कॅब बोलावली आणि अण्णांना चढवायला-उतरवायला म्हणून बरोबर गेलो.

जेवणं झाल्यावर सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसले. कोणीतरी एका बिघडलेल्या यंत्राची जुनी गोष्ट सांगायला लागला. ती दुरुस्ती अण्णांनी केली होती, हे मला अक्कांकडून माहीत होतं. सांगणाऱ्याने ती दुसऱ्याच्या नावावर लावली. अण्णा पुढे सरकले. डावा हात वर करून म्हणाले, "स्वल्प." सगळे थांबले. अण्णांच्या चेहऱ्यावर अख्खी गोष्ट तयार होती, सुरुवात, मध्य, शेवट, सगळं. "स्वल्प," ते म्हणाले. "स्वल्प... स्वल्प स्वल्प..." हाताने चाक दाखवलं, पट्टा दाखवला. घाम फुटला. कोणीतरी प्रेमाने म्हणालं, "हो हो, अण्णा, बरोबर आहे." आणि यजमानांचा छोटा नातू खुर्च्यांमधून पळत गेला, "स्वल्प स्वल्प स्वल्प" असं गात. लोक हसले. दुष्टपणाने कोणी हसलं नाही, लहान मूल गायला लागलं की हसतात तसं हसले. एक मित्र अक्कांकडे वळून म्हणाला, "यांना कळतं का हो सगळं?"

अण्णांनी हात खाली घेतला. परतीच्या वाटेवर ते कॅबच्या खिडकीतून बाहेर बघत होते. घरी आल्यावर पाणी विचारलं तर मान हलवली. तो एक शब्दही त्यांनी वापरला नाही.

रविवारी सकाळी मी कॉफीचा पेला घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसलो होतो. अक्का त्या दिवशीही भांडत नव्हत्या. उजवा गाल झाला. मग त्यांनी हनुवटी वर केली आणि वस्तरा गळ्याशी नेला. अण्णांचा डावा हात पंच्याखालून बाहेर आला. मला वाटलं नाक खाजवायचं असेल. त्यांनी अक्कांचं मनगट धरलं आणि स्वतःच्या गळ्याकडे ओढलं.

दोन हातांची कामं करून करून तो एक हात दगडासारखा झाला होता. मी धडपडत उठलो.

"तू हलू नको," अक्का म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, मराठीत, हळू.

त्यांनी हात मागे खेचला नाही. कोणीही खेचला असता. त्यांनी मला नंतर सांगितलं की वस्तरा दाबल्याने कापतो त्याहून ओढल्याने जास्त कापतो, आणि झटापट झाली असती तर तो आडवा फिरला असता. पण त्या क्षणी हा हिशोब करायला वेळ कुठे होता? त्यांचा डावा अंगठा गळ्याची कातडी ताणून खाली टेकलेला होता. तो त्यांनी वर सरकवला आणि पात्याच्या धारेखाली घातला. आता अण्णांच्या गळ्यावर अक्कांचा अंगठा होता आणि अंगठ्यावर वस्तरा. अण्णा ओढत होते. पांढरा फेस एका जागी गुलाबी झाला, मग लाल.

रस्त्यावरून पालेभाजीवाली "सोप्पू, सोप्पू" ओरडत गेली.

"ओढा की," अक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा अण्णांच्या चेहऱ्याच्या अगदी वर होता. "माझा अंगठा तुटल्याशिवाय पुढं जाणार नाही तो. ओढा."

अण्णांनी मनगट सोडलं. अक्कांनी वस्तरा उचलला. अण्णांना तोवर तो अंगठा दिसलाच नव्हता. आता दिसला, आणि त्यांच्या घशातून आवाज आला. त्यात शब्द नव्हता, तो एकुलता एकही नव्हता. अक्कांनी आधी वस्तरा पुसला, मिटला, खिडकीत ठेवला. मग पंच्याचं टोक अंगठ्याला गुंडाळलं आणि दुसऱ्या टोकाने अण्णांचा गळा पुसून तिथे काही लागलं नाही ना, ते बोटाने तपासलं. मला म्हणाल्या, "चल. टाके पडतील याला."

शेजारच्या काकूंना अण्णांजवळ बसवून आम्ही गल्लीतल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना अक्कांनी विळीवर कापलं म्हणून सांगितलं. टाके घालताना त्या खिडकीबाहेर शाळेचं मैदान होतं तिकडे बघत होत्या. मुली थ्रोबॉल खेळत होत्या. "त्या मागच्या पोरीचे पाय बघ कसे पडतात," एवढंच म्हणाल्या.

दुपारी मुलगी आली. वडिलांचा एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर खुंट आणि वाळलेला फेस. आईच्या अंगठ्याला एवढं बँडेज. तिने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं, आणि तिला कळलं. तिने खिडकीतला वस्तरा उचलला, वर्तमानपत्रात गुंडाळला, पिशवीत टाकला आणि गाडीकडे निघाली. गेटपाशी पोचली तेव्हा शिट्टी वाजली. एवढी मोठी बाई जागच्या जागी उभी राहिली.

"ते माझ्या हातात दे."

"नाही आई. उद्यापासून न्हावी येईल, नाहीतर ट्रिमर घेऊ. आणि बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं, मनाच्या."

"डॉक्टरकडे ने. मीच म्हणणार होते, उद्याच ने. पण वस्तऱ्याचं त्यांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं, आई! सकाळी त्यांनी..."

"काल तिथंही हेच. सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते, त्यांच्याशी कोणी बोललं नाही." अक्का आल्या आणि गेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आज वस्तरा नेशील. उद्या विळी लपवायची, परवा गच्चीला कुलूप. मग ह्या घरात ते राहतील आणि त्यांची राखणदारीण राहील. बायको कुठं राहील गं?"

मुलगी रडायला लागली. "तुला भीती वाटत नाही?"

"वाटते की. म्हणून तर उद्याच करायची आहे. चार दिवस थांबले तर हात थरथरायला लागेल माझा."

मुलीने पिशवीतून पुडकं काढून दिलं. त्या रात्री ती तिथेच राहिली आणि सकाळी अण्णांसाठी डॉक्टरांची वेळ घेऊनच खोलीबाहेर आली.

सोमवारी मला ऑफिसला उशीर झाला होता, तरी मी पायरीवर होतो. मुलगी दारात पडदा मुठीत धरून उभी. अक्कांनी पट्टा गजाला अडकवला आणि खालची कडी धरायला हात पुढे केला, तर बँडेजमुळे अंगठा मिटेना. मी उठलो. "मी धरतो, अक्का."

"तू गप बस."

त्यांनी अण्णांची खुर्ची गजाजवळ ओढली आणि ती कडी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्याच हातात.

"घट्ट धरा. ढिला सोडलात तर धार जाईल, आणि मग तुमचीच कातडी निघेल. मला काय सांगता, तुम्हीच शिकवलंय."

अण्णा कडीकडे बघत राहिले. कालपासून त्यांनी कोणाकडे डोळे वर करून पाहिलं नव्हतं. मग हाताच्या शिरा वर आल्या आणि लोंबणारा पट्टा हळूहळू सरळ झाला, ताणला गेला. अक्कांनी वस्तरा टेकवला. एक फेरा, दुसरा. तिसऱ्याला हात जड पडला असावा, मला काही कळलं नाही, पण खुर्चीतून आवाज आला, बारीक, बसलेला. "स्वल्प."

"बरं," अक्का म्हणाल्या आणि दाब कमी केला.

फेस लावला. अंगठा नव्हता, म्हणून कातडी ताणायचं कामही त्यांनी अण्णांनाच दिलं. "कानाजवळ धरा. वर ओढा. आणखी." अण्णा स्वतःचा गाल ताणत होते, आणि त्यांचा तो हात त्या पात्यापासून चार बोटांवर होता. दारातला पडदा थरथरत होता. मग अक्कांनी त्यांची हनुवटी वर केली, करंगळी जबड्यावर टेकली आणि वस्तरा गळ्यावर ठेवला, काल होता तिथेच. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. तो एवढासुद्धा हलला नाही.

"परवा त्या जेवणात," अक्का बोलायला लागल्या, "होळिगे किती खाल्ले तुम्ही? पुरणाचे, वर तूप ओतून. तुमची शुगर काय, खाताय काय. मी वाढपाकडे पाठ करून बसले होते म्हणून मला दिसलं नाही असं वाटलं?"

अण्णांच्या ताणलेल्या गळ्यातून कसलासा हुंकार आला.

"अर्धा? अर्धा कसला! तुपाची वाटी पुसून खाल्लीत."

वस्तरा खालून वर आला. पुन्हा खाली गेला. दोन्ही गाल, ओठांवर, खालचा ओठ आणि हनुवटीमधला खळगा. तुरटी फिरली, टॉवेल फिरला. अक्कांनी पातं पुसून मिटलं आणि तेव्हा कुठे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या ब्लाऊजची पाठ पूर्ण भिजली होती.

अण्णांनी डावा तळवा गालावरून फिरवला. मग उलटा, खालून वर. उजव्या कानाखाली, जबडा वळतो तिथे, तो थांबला. त्यांनी तिथे बोट टेकवलं, अक्कांकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. टूलरूममध्ये एखाद्याचं काम परत पाठवताना घालत असतील तशी.

अक्का वाकल्या, चष्मा वर करून पाहिलं.

"एक केस! काल जीव द्यायला निघाला होता, आणि आज एक केस राहिला म्हणून तोंड वाकडं?"

तोवर घरात ही गोष्ट कोणी उच्चारलीच नव्हती. मुलगी पडद्यात तोंड खुपसून हसत होती की रडत होती, मला सांगता यायचं नाही. अण्णांनी बोट काढलं नाही. ते तिथेच ठेवून, मान तिरकी करून, आठी तशीच, ते वाट बघत राहिले.

अक्कांनी ब्रश पुन्हा गरम पाण्यात बुडवला.